बारा की एकशे वीस? पंच कार्डावरील संख्यांची गोष्ट
१/ पंच कार्डाच्या पाच स्तंभांत १२ ही संख्या छिद्रित केलेली आहे. ती उजव्या कडेला टेकून असेल तर यंत्र बारा वाचते. एकच घर डावीकडे राहिली तर तीच संख्या एकशे वीस होते आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. हे का घडत असे, ते या धाग्यात पाहू.

२/ एप्रिल १९५७. आयबीएम ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान भाषा वापरकर्त्यांच्या हाती दिली. गणिती सूत्रांचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या तिच्या अनुवादकाचे कौतुक सर्वत्र होते, आणि ते रास्तच आहे. तिच्यातील ‘फॉरमॅट’ या विधानाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहत नाही. माझ्या मते प्रयोगशाळेच्या रोजच्या कामात त्याचे मोल कमी नव्हते.

३/ मूळ अडचण अशी. ७०४ च्या स्मृतीत पूर्णांक एका रीतीने साठवला जाई, दशांश संख्या अगदी निराळ्या रीतीने. कार्डावर हा भेद कुठेच नव्हता. १९२८ पासून चालत आलेले ते ८० स्तंभांचे कार्ड, एका स्तंभात एक चिन्ह. त्यांतला स्थानकाचा क्रमांक कोणता आणि तापमान कोणते, हे नुसत्या छिद्रांवरून यंत्राला कसे कळावे?

४/ फोरट्रानने ते वर्णन आज्ञावलीत ठेवले. ‘आय ५’ म्हणजे पाच स्तंभ पूर्णांकाचे. ‘एफ ८.३’ म्हणजे पुढचे आठ दशांश संख्येचे. त्यांत दशांशचिन्ह नसेल, तर शेवटचे तीन अंक अपूर्णांकाचे समजावेत. म्हणजे उजव्या कडेला १२३४५ असेल तर स्मृतीत १२.३४५ जाई. चिन्हाचा एक स्तंभ वाचला! ऐंशी घरांच्या संसारात ही काटकसर लहान नव्हती.

५/ आता आपले कोडे. जुन्या फोरट्रानमध्ये संख्येच्या जागेतील कोरा स्तंभ शून्य मानला जाई. कोरी जागा म्हणजे शून्य, ही सोयच होती. संख्येच्या डावीकडची शून्ये निरुपद्रवी. उजवीकडचे एकच शून्य मात्र तिला दहापट करी. चुकून अक्षर आले तर यंत्र अडे. कोऱ्या घरावर ते अडत नसे.

६/ यावर पहारा होता. दुसरी कर्मचारी तोच मजकूर पडताळणी यंत्रावर पुन्हा टंकित करी आणि तफावत पकडली जाई. पण मूळ तक्त्यातच अंक चुकीच्या घरात लिहिला असेल, तर दोघींचे एकमत होई!

७/ १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. फोरट्रानमधील आज्ञावल्या तेथेही कार्डांवरूनच वाचल्या जात.

८/ पुढे फोरट्रान ७७ या मानकाने स्तंभ न मोजता, स्वल्पविरामाने किंवा मोकळ्या जागेने विलग केलेल्या संख्या वाचण्याची मुभा दिली. कोऱ्या घराला शून्य मानावे की दुर्लक्षावे, हेही सांगता येऊ लागले.

९/ प्रकारांची गफलत मात्र संपली नाही. सी भाषेतील ‘स्कॅनएफ’ला आधी पूर्णांक, मग दशांश संख्या वाचायला सांगा आणि फाइलमध्ये ‘१२.५ ७’ असू द्या. पूर्णांकाचे वाचन दशांशचिन्हापाशी थांबते, म्हणून त्यात १२ जातात. उरलेले ‘.५’ दशांश संख्येच्या वाट्याला येते. ७ वाचायचे राहूनच जातात, आणि ‘स्कॅनएफ’ कळवते की दोन्ही संख्या मिळाल्या.