एका निवांत ध्वनिमुद्रिकेचा निवाडा

नव्या कलाकृतीला पहिल्या दिवशी जो न्याय मिळतो, तो पुष्कळदा त्या कृतीपेक्षा न्याय देणाऱ्याविषयीच अधिक सांगून जातो. साहित्याच्या इतिहासात याची उदाहरणे आपण नेहमी वाचतो. संगीतातले उदाहरण हवे असेल, तर 'ऑक्सिजेन' या फ्रेंच ध्वनिमुद्रिकेची हकीगत पाहावी. १९७६ च्या डिसेंबरात ती फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा कर्ता ज्याँ-मिशेल जार अठ्ठावीस वर्षांचा होता. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या चित्रपटाचे संगीतकार मॉरिस जार यांचा हा मुलगा. पण वडील लहानपणीच घर सोडून गेले होते आणि मुलाची वाट वेगळीच होती.

या वाटेचा मागोवा घ्यावयाचा तर थोडे मागे जावे लागते. १९२० साली पॅरिसच्या एका चित्रदालनात एरिक साती याने मध्यंतरात वाजविण्यासाठी संगीत योजले. भिंतीला जसा रंग, खोलीत जशी खुर्ची, तसे हे संगीत असावे, ते कोणी मुद्दाम ऐकू नये, अशी त्याची इच्छा होती. पण सूर उमटताच श्रोते शिस्तीने आपापल्या जागी येऊन बसले, आणि 'बोला, हिंडा, ऐकू नका' असे सांगत फिरण्याची पाळी बिचाऱ्या सातीवर आली! संगीत म्हटले की गप्प बसून ऐकावयाचे, ही सवय इतकी मुरलेली होती. पुढे १९४८ साली, म्हणजे जारच्या जन्मवर्षीच, पिएर शेफेर याने आगगाड्यांचे आणि भांड्यांचे आवाज मुद्रित करून, त्यांची जुळणी करून, त्यांतून रचना घडविल्या व त्या फ्रेंच नभोवाणीवरून ऐकविल्या. ध्वनी हेच संगीताचे द्रव्य, हा शेफेरचा सिद्धांत. जार त्याच्याच संशोधनसंस्थेत शिकला. मात्र त्या गंभीर वर्तुळात गोड सुरावटीला आणि सरळ ठेक्याला फारसा मान नव्हता. जारला दोन्ही हवे होते: गुरूने दाखविलेला ध्वनी आणि कानाला आवडणारी चाल.

'ऑक्सिजेन' हा त्या दोहोंचा समझोता होय. पॅरिसमधल्या राहत्या घरातच त्याने ध्वनिमुद्रणाची तात्पुरती सोय केली. हाताशी होते आठ पट्ट्यांचे मुद्रणयंत्र, काही सिंथेसायझर आणि ठराविक ठेके वाजविणारी एक लहानशी पेटी. या पेटीच्या दोन कळी एकदम दाबून त्याने मूळ ठेक्यांहून निराळा ठेका काढला. एका विजेच्या ऑर्गनचा तंतुवाद्यांसारखा स्वर त्याने अशा उपकरणातून फिरविला की तो सतत हलत, लाटेसारखा वरखाली होत राहतो. वारा आणि समुद्रसुद्धा यंत्रातूनच आले. सुमारे चाळीस मिनिटांचे सहा भाग झाले. त्यांना नावे नव्हती, नुसते क्रमांक.

अनेक कंपन्यांनी ही रचना नाकारली. गायक नाही, गाण्याचे शब्द नाहीत, भागांना नावेही नाहीत; अशी तबकडी विकावयाची कशी? अखेर फ्रान्सिस ड्रेफस या प्रकाशकाने धाडस केले. पृथ्वीची साल सोलली गेली आहे आणि आतून मानवी कवटी दिसत आहे, असे मिशेल ग्रांजेचे चित्र वेष्टनावर आले. आत मृदू संगीत आणि बाहेर हे भयसूचक चित्र, ही विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये तबकडी खपली आणि शार्ल क्रो अकादमीचे मानाचे पारितोषिकही तिला मिळाले.

खरा खटला उभा राहिला तो १९७७ साली, इंग्लंडमध्ये. तो पंक संगीताचा भर होता. तीन मिनिटांत तीन स्वरांवर संतापून ओरडणे, हीच प्रामाणिकपणाची खूण ठरली होती. अशा वेळी ही संथ, शब्दहीन आणि फ्रेंच तबकडी तिकडच्या संगीतपत्रांच्या हाती पडली. अंतराळातल्या सफरीचे हे लांबण कशाला, हे तर जर्मन मंडळींनी आधीच केले आहे, यात माणूस कोठे आहे, अशा सुरात तिची संभावना झाली. आणि त्याच वर्षी ब्रिटिश श्रोत्यांनी तिला विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेऊन बसविले. तिचा चौथा भाग सुटा निघाला, तो चौथ्या क्रमांकापर्यंत गेला.

येथे 'समीक्षक चुकले, जनता जिंकली' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्याच सुमारास 'स्पेस' नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच मंडळीचे 'मॅजिक फ्लाय' हे यंत्रवाद्यांचे गाणे जारच्या गाण्याहून वर, दुसऱ्या क्रमांकावर गेले होते. आज त्याची आठवण त्या मानाने थोडी निघते. खपाच्या आकड्याला गुणवत्तेचा दाखला मानले, तर निकाल उलटा लावावा लागेल.

माझ्या मते समीक्षकांचे कान चुकले नव्हते. त्यांनी ऐकले ते बरोबरच ऐकले. तबकडी संथ आहे, पुनरावृत्त आहे, तिच्यात माणसाचा आवाज नाही, आणि जर्मन पूर्वसूरींचे ऋणही तिच्यावर आहे. चूक झाली ती पुढच्या पायरीवर: वर्णनालाच त्यांनी निकाल मानले. संगीताने आपल्याला हलवून सोडावे, काही घोषित करावे, ही अपेक्षा त्यांनी आधीच गृहीत धरली होती. सातीच्या श्रोत्यांना खुर्ची सोडवेना, तसेच यांनाही आपली अपेक्षा सोडवेना. सामान्य श्रोत्याला असे काही सिद्ध करावयाचे नव्हते. दिवसभराच्या कामानंतर त्याने ती घरी लावली आणि तिच्या संथपणात त्याला विसावा मिळाला. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, ब्रायन ईनोने विमानतळासाठी म्हणून निवांत संगीताची तबकडी काढली आणि अशा संगीताला 'अँबियंट' हे नाव दिले. जो दोष होता, तोच आता एका प्रकाराचा धर्म ठरला.

जारने स्वतःही आपल्या बाजूची गुंतागुंत वाढविली, हे नमूद केले पाहिजे. १४ जुलै १९७९ रोजी पॅरिसच्या प्लास द ला कोंकोर्दमध्ये त्याच्या कार्यक्रमाला सुमारे दहा लाख लोक लोटले. १९८१ साली तो चीनला गेला. दिव्यांचे झोत, आतषबाजी, अफाट गर्दी. या झगमगाटात घरातल्या त्या शांत रचनेचा कर्ता पुष्कळांना दिसेनासा झाला आणि टीकाकारांना नवे निमित्त मिळाले. ज्या संगीताचे सामर्थ्य एकांतात होते, त्याची कीर्ती मात्र जत्रेत झाली.

काळ बदलल्याची खूण १९९८ साली दिसली. व्हर्सायच्या दोन तरुणांच्या 'एअर' या जोडीने 'मून सफारी' नावाची तशीच मवाळ, जुन्या सिंथेसायझरांनी भारलेली तबकडी काढली. या वेळी इंग्लंडातल्या समीक्षकांनीच तिचे कौतुक केले आणि ती तेथे सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. सौम्यपणा तोच होता. ऐकणारे कान वीस वर्षांनी मोठे झाले होते.

त्याआधी एकच वर्ष, १९९७ साली, जारने 'ऑक्सिजेन'चे पुढचे भाग प्रसिद्ध केले आणि ते शेफेरच्या स्मृतीस अर्पण केले. गुरू दोन वर्षांपूर्वी वारला होता. २००७ साली त्याने मूळ रचना जुन्याच वाद्यांवर पुन्हा मुद्रित केली आणि २०१६ साली तिसरा खंड काढला. चाळीस वर्षे झाली तरी तो त्याच खोलीकडे परत येत होता. खटल्यातले बहुतेक साक्षीदार एव्हाना उठून गेले आहेत. मूळ तबकडीच्या शेवटी समुद्राच्या लाटा ऐकू येतात. त्या खऱ्या की यंत्राच्या, हा प्रश्न तेव्हा फार मोठा वाटला होता. आज ऐकणारा तो विचारीत नाही. तो नुसता ऐकत बसतो.