हरवलेली अंगठी आणि धातुशोधक यंत्र

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या आरंभीं राजाचे शिपाई एका कोळ्याच्या मुसक्या बांधून त्याला घेऊन येतात. त्याचा अपराध एवढाच कीं, रोहित मत्स्याच्या पोटांत सांपडलेली राजाची अंगठी तो बाजारांत विकावयास निघाला होता. पुढें राजाला अंगठी मिळते व तिच्याबरोबर गेलेली स्मृतिही मिळते. कोळ्याला अंगठीच्या मोलाइतकें बक्षीस मिळतें, आणि त्यांतील अर्धें तो आपल्याला मारावयास टपलेल्या शिपायांनाच देऊन टाकतो. रसिकांचें लक्ष दुष्यंताच्या पश्चात्तापाकडे लागलेलें असल्यामुळें या प्रवेशांतील व्यवहाराचा प्रश्न मागें पडतो. हरवलेली वस्तु ज्याच्या हातीं लागते त्याचा तिच्यावर हक्क किती, आणि ती परत करण्याचें त्याच्यावर बंधन किती? कोळ्याच्या काळीं शोध हा केवळ दैवाचा खेळ होता. गेल्या सुमारें दीडशें वर्षांत मनुष्यानें या खेळांतील दैवाचा वाटा पुष्कळ कमी केला. ज्या यंत्रानें हें साधलें त्याचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

हें यंत्र दागिने शोधण्यासाठीं जन्मास आलें नाहीं. एका मरणोन्मुख मनुष्याच्या देहांतील गोळी शोधण्याच्या धडपडींत जगाला त्याची प्रथम ओळख झाली. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वेस्टेशनांत गोळ्या झाडण्यांत आल्या. एक गोळी देहांत रुतून राहिली, आणि ती कोठें आहे हें वैद्यांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षें अवकाश होता. तेव्हां टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें, ह्यूज या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांचा आधार घेऊन, एक विद्युत्-तराजू सिद्ध केला. तारेच्या वेटोळ्यांतील प्रवाह एकमेकांस तोलून धरले असतां टेलिफोन मुका राहतो. जवळ धातु आला कीं तोल ढळतो व कानांत गुणगुण ऐकूं येते. परंतु जुलैअखेरीस व ऑगस्टच्या आरंभीं केलेले दोन्ही प्रयोग फसले. रोग्याच्या गादींत पोलादी तारा होत्या हें मागाहून कळलें. शिवाय मुख्य वैद्य ब्लिस यांनीं गोळी उजव्या अंगासच आहे असें गृहीत धरून शोधही तेवढ्यापुरताच करूं दिला. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले, आणि शवपरीक्षेंत गोळी डाव्या अंगास निघाली. यंत्र कितीही सूक्ष्म असलें तरी शोधणाऱ्याचा पूर्वग्रह त्याला आंधळें करूं शकतो, हा धडा या यंत्राच्या पहिल्याच परीक्षेनें शिकविला.

यानंतर अर्धें शतक तें उपकरण प्रयोगशाळेबाहेर फारसें आलें नाहीं. जर्मनींतून अमेरिकेंत गेलेला गेरहार्ड फिशर हा विमानांना दिशा दाखविणाऱ्या रेडिओ-यंत्रांवर काम करीत होता. भूमींतील खनिजें व आसपासचे धातु यांमुळें हीं यंत्रें चुकीची दिशा दाखवितात, असें त्याच्या ध्यानांत आलें. दुसरा कोणी हा दोष दूर करून स्वस्थ बसला असता. फिशरनें दोषालाच साधन केलें. १९३७ सालीं त्याला धातुशोधक यंत्राचें पेटंट मिळालें.

पुढील अध्याय युद्धाचा. पोलंड पारतंत्र्यांत गेल्यावर स्कॉटलंडमध्यें आश्रयास आलेल्या पोलिश सैन्यांतील योझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्यानें १९४१ च्या सुमारास जमिनींत पुरलेले सुरुंग हुडकणारें, एका मनुष्यास हातांत धरून चालतां येईल असें यंत्र तयार केलें. त्यानें पेटंट न घेतां तें ब्रिटिश सैन्यास देऊन टाकलें. १९४२ च्या एल् अलामेनच्या लढाईंत वाळवंटांतील सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाट काढतांना अशीं यंत्रें वापरण्यांत आलीं. युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशीं झालेलीं यंत्रें बाजारांत आलीं, आणि मृत्यु हुडकण्यासाठीं घडविलेलें साधन हौशी लोकांच्या हातीं पडून नाणीं व अंगठ्या हुडकूं लागलें.

त्याचें कार्य समजण्यास कठीण नाहीं. वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो; त्या क्षेत्रांत धातु आला कीं त्याच्या अंगांत सूक्ष्म भोंवरप्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांची प्रतिक्रिया यंत्रास जाणवून ध्वनि उमटतो. अंगठी हें अखंड वर्तुळ असल्यामुळें तिचा ध्वनि स्पष्ट येतो. नाजूक सांखळी मात्र कितीही लांब असली तरी तिच्या कड्या बारीक व सुट्या असल्यानें ती पुष्कळदां निसटते. पेयाच्या डब्याचें ॲल्युमिनियमचें कडें आणि सोन्याची अंगठी यांचे ध्वनि इतके सारखे असतात कीं सरावलेला कानही फसतो. खाऱ्या पाण्यानें भिजलेली वाळू तर स्वतःच विद्युद्वाहक असल्यामुळें समुद्रकांठीं कित्येक यंत्रें उगाच कुरकुरतात. म्हणून जाणता शोधक यंत्र उचलण्यापूर्वीं मालकाला प्रश्न विचारतो: आपण कोठें उभ्या होतां? भरती होती कीं ओहोटी? हात केव्हां झटकला? थंड पाण्यांत बोट आकसतें आणि वर्षानुवर्षें घट्ट बसलेली अंगठी नकळत गळते. मग वाळूवर पट्टे आंखून, एक हातभर जागाही न सोडतां, तो तासन् तास फिरतो. परक्यांचे दागिने अशा रीतीनें शोधून परत करण्याचें व्रत घेतलेले लोक आज अनेक देशांत आहेत.

परंतु जो मालकाच्या विनंतीवांचून शोधतो, त्याचें काय? आपल्या स्मृतिकारांनीं याचा विचार फार पूर्वीं केला आहे. बेवारशी सांपडलेलें द्रव्य राजानें तीन वर्षें सांभाळावें, असें मनु सांगतो. याज्ञवल्क्य एक वर्षाची मुदत देतो. मनूच्या मतें ‘हें माझें’ म्हणणाऱ्यानें वस्तूचें रूप, संख्या, हरवल्याचें स्थळ व काळ सांगावा; न सांगतां आल्यास वस्तूच्या मोलाइतका दंड भरावा. इंग्लंडांत १७२२ सालीं धुराडीं साफ करणाऱ्या एका पोराला रत्नजडित दागिना सांपडला. किंमत करण्यासाठीं तो सोनाराकडे गेला असतां दुकानांतील उमेदवारानें खडे काढून घेतले व तीन अर्ध्या पेन्या पुढें केल्या. पोरानें त्या नाकारल्या व फिर्याद केली. न्यायालयानें ठरविलें कीं, खऱ्या मालकाखेरीज इतर सर्वांविरुद्ध सांपडणाऱ्याचा हक्क श्रेष्ठ आहे. या निकालांत पोराचा जय दिसतो. परंतु त्याचा गाभा ‘खऱ्या मालकाखेरीज’ या शब्दांत आहे.

आपल्याकडील १८६० च्या दंडसंहितेनें हेंच तत्त्व अंगठीच्या उदाहरणानें स्पष्ट केलें होतें: मौल्यवान् अंगठी सांपडल्यावर मालकाचा शोध घेण्याचा यत्नही न करतां जो ती तत्काळ विकतो, तो अपराधी होय. जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तरी तत्त्व तेंच आहे. भूमींत दडविलेल्या धनाचा कायदा मात्र निराळा. १८७८ च्या अधिनियमाप्रमाणें दहा रुपयांहून अधिक मोलाचें निधान सांपडल्यास तें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. कोणी धनी पुढें न आल्यास आणि सरकारनें तें स्वतः न घेतल्यास तीन चतुर्थांश सांपडणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास, अशी सर्वसाधारण वांटणी तेथें सांगितली आहे.

या दोन प्रकारांमधील अंतर इंग्लंडांतील हॉक्सन गांवच्या एका घटनेंत दिसून येतें. १९९२ च्या नोव्हेंबरांत एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला, म्हणून त्यानें धातुशोधक बाळगणाऱ्या आपल्या मित्रास बोलाविलें. हातोड्याऐवजीं रोमन काळचीं सोन्यारुप्याचीं नाणीं वर येऊं लागलीं. मित्रानें सारें उकरून नेण्याचा मोह आवरला, हात थांबविला आणि अधिकाऱ्यांना कळविलें. त्यामुळें पुराणवस्तुवेत्त्यांना तो ठेवा होता तसा तपासतां आला. सुमारें पंधरा हजार नाणीं व पुष्कळ अलंकार त्यांत निघाले. साडेसतरा लक्ष पौंड मोल ठरलें, व तें बक्षीस त्या मित्रानें शेतकऱ्याशीं वांटून घेतलें. हातोडाही सांपडला, तोही आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्या ठेव्यांत एक सोन्याचें कांकण आहे. त्यावर ‘जुलियाना’ या बाईचें नांव कोरून तिला सुख चिंतिलें आहे. नांव सांपडलें, दागिना सांपडला; पण तो जिच्या हातीं परत द्यावा ती सोळाशें वर्षांपूर्वींच निघून गेली. तेथें परत करणें म्हणजे जगाच्या स्वाधीन करणें, एवढाच अर्थ उरतो.

जिवंत माणसाच्या अंगठीस मात्र हा न्याय लावतां येत नाहीं. सराफ सोन्याचें वजन करतो. परंतु विवाहाच्या अंगठीचें किंवा मंगळसूत्राचें मोल त्याच्या कांट्यावर कधींच पुरतें उतरत नाहीं. ज्याला तें सांपडतें त्याच्या हातीं कांहीं रुपयांचें सोनें येतें. जिचें हरवतें तिचा आयुष्याचा एक दुवा जातो. या दोन मोलांमधलें अंतर कोणतेंही यंत्र दाखवीत नाहीं. बेलच्या तराजूपासून आजच्या यंत्रापर्यंत सर्वांनीं ‘येथें धातु आहे’ एवढेंच सांगितलें. ‘हा कोणाचा’ हा प्रश्न मनुष्यानेंच विचारावयाचा असतो. शोध अवघड होता तोंवर ‘दैवानें दिलें’ असें म्हणून पुष्कळांस मनाचें समाधान करतां येत असे. आतां ती सबब लंगडी झाली आहे. कारण जो यंत्र घेऊन मुद्दाम शोधावयास निघतो, त्यानें धन्याचाही शोध तितक्याच चिकाटीनें करावा, अशी अपेक्षा बाळगण्याचा समाजाला अधिकार आहे.