एका छोट्या देशानं निवडलेलं विमान

विमान वाहतुकीचा इतिहास म्हटला की आपण मोठ्या कंपन्यांची नावं घेतो. आज मी मुद्दाम एक छोटी कंपनी घेतली आहे. बाल्टिक समुद्राकाठी लाटव्हिया नावाचा देश आहे. लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आत, म्हणजे आपल्या पुणे शहराहूनही कमी. त्या देशाची विमान कंपनी एअरबाल्टिक. तिनं २०१२ साली एक विमान निवडलं. त्या निवडीचा फायदा तिला झाला आणि तिची किंमतही ती अजून मोजते आहे.

आता पहिला प्रश्न असा की एवढ्याशा देशाला विमान कंपनी हवीच कशाला? नकाशा बघा. लाटव्हिया बराच काळ सोव्हिएत संघात होता, त्यामुळे तिथले रेल्वेचे रूळ १५२० मिलिमीटर रुंदीचे, तर पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी १४३५. रूळच जुळत नाहीत, तर बर्लिन-पॅरिसला सरळ गाडी कुठून जाणार? म्हणून १९९५ मध्ये लाटव्हियाचं सरकार आणि स्कँडिनेव्हियाची एसएएस कंपनी यांनी मिळून एअरबाल्टिक काढली. रीगा हे शहर एस्टोनिया आणि लिथुआनिया यांच्या मधोमध येतं. तिन्ही देशांतले प्रवासी तिथं गोळा करायचे आणि युरोपभर पोचवायचे, असा हिशेब होता.

२०११ पर्यंत कंपनी बुडायच्या बेतात आली. सरकारनं पैसे घातले आणि जवळजवळ सगळी मालकी स्वतःकडे घेतली. मार्टिन गाऊस नवे प्रमुख झाले. ताफा कसा होता? बोइंग ७३७ चे दोन प्रकार, बोइंग ७५७, शिवाय पंख्यांची छोटी विमानं. प्रत्येक जातीच्या विमानाला वेगळं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक लागतात, वेगळे सुटे भाग लागतात. मोठ्या कंपनीला हा खर्च पेलतो, पंचवीस-तीस विमानांच्या कंपनीला तो खाऊन टाकतो.

बरं, मग एकच जात घ्यायची तर कोणती? इथं अडचण होती. बोइंग आणि एअरबसची नवी विमानं दीडशे-पावणेदोनशे आसनांकडे सरकत होती. रीगाहून एवढे प्रवासी रोज कुठून मिळणार? त्यांचीच आखूड केलेली विमानं मिळायची, पण लांबी कमी केली तरी पंख आणि सांगाडा मोठ्या विमानाचाच राहतो. वजन फार घटत नाही, इंधन जळतच राहतं.

कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीनं नेमकी ही फट हेरली होती. २००८ मध्ये तिनं सी-सिरीज जाहीर केली: शंभर ते दीडशे आसनांसाठी पहिल्यापासून नव्यानं आखलेलं विमान. एका बाजूला तीन आसनं, दुसऱ्या बाजूला दोन. इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं, आणि त्यातच खरी गंमत होती.

जेट इंजिनात पुढचा मोठा पंखा हवा मागे ढकलतो आणि मागचं टर्बाइन त्याला फिरवतं. पंख्याला सावकाश फिरणं मानवतं, टर्बाइनला वेगानं. दोघं एकाच दांड्यावर असली की दोघांनाही तडजोड करावी लागते. आपल्याकडची रसवंती आठवा. मोटर गरागरा फिरते, पण चरक संथ चालतो, कारण मध्ये दातेरी चाकं असतात. प्रॅटनं पंखा आणि टर्बाइन यांच्यामध्ये तशीच दातेरी चाकं बसवली. त्यामुळे पंखा मोठा करता आला, आवाज कमी झाला, इंधनही वाचलं. जुन्या पिढीच्या विमानांपेक्षा दर आसनामागे सुमारे २० टक्के इंधन कमी लागेल, असा बनवणाऱ्यांचा दावा होता.

डिसेंबर २०१२ मध्ये एअरबाल्टिकनं अशी दहा विमानं पक्की केली. लक्षात घ्या, तोवर हे विमान एकदाही उडालेलं नव्हतं! पहिलं उड्डाण झालं सप्टेंबर २०१३ मध्ये. पुढच्याच मे महिन्यात जमिनीवरच्या चाचणीत इंजिन निकामी झालं आणि चाचणी-उड्डाणं काही महिने थांबली. शेवटी १४ डिसेंबर २०१६ रोजी सीएस-३०० हे १४५ आसनांचं विमान प्रवासी घेऊन रीगाहून ॲमस्टरडॅमला गेलं. या प्रकाराचं जगातलं ते पहिलं प्रवासी उड्डाण.

विमान उत्तम निघालं, पण बनवणारा त्यात पिचला. खर्च वाढत गेला, क्वेबेकच्या सरकारला २०१५ मध्ये एक अब्ज डॉलर घालावे लागले. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीनं ७५ विमानं मागवली, तर बोइंगनं तक्रार केली आणि अमेरिकी सरकारनं जवळजवळ ३०० टक्के शुल्काची तयारी केली. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं बोइंगचं म्हणणं फेटाळलं, पण तोवर बॉम्बार्डियरनं बहुसंख्य वाटा एअरबसला देऊन टाकायचं ठरवलं होतं. त्यासाठी एअरबसला खरेदीची रोख रक्कमही मोजावी लागली नाही. २०१८ च्या जुलैत विमानाचं नाव एअरबस ए-२२० झालं. २०२० मध्ये बॉम्बार्डियर त्यातून पूर्ण बाहेर पडली.

एअरबाल्टिकला मात्र हे पथ्यावर पडलं, कारण आता पाठीशी एअरबस होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे उड्डाणं थांबली. मे महिन्यात पुन्हा सुरू झाली ती फक्त ए-२२० विमानांवर. जुनी ७३७ आणि पंख्यांची विमानं काही वर्षांनी जायचीच होती, ती तेव्हाच गेली. एकच जात, एकच प्रशिक्षण. गाऊस यांचा हिशेब पुरा झाला, असं वाटलं.

पण विमान निवडताना इंजिनही निवडलं गेलं होतं. ए-३२० निओसाठी दोन कंपन्यांची इंजिनं मिळतात, ए-२२० साठी एकच. या इंजिनांचे काही भाग अपेक्षेपेक्षा लवकर दुरुस्तीला येऊ लागले, सुटे भाग अपुरे पडले, कारखान्यांसमोर रांगा लागल्या. नवी कोरी विमानं इंजिनांवाचून उभी राहिली. २०२५ च्या उन्हाळ्यातली ४,६७० उड्डाणं एअरबाल्टिकला आधीच रद्द करावी लागली.

याच इंजिन-कुटुंबाची झळ आपल्यालाही लागली. मुंबईची गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. कंपनीनं दोष इंजिन बनवणाऱ्यांना दिला, त्यांनी तो नाकारला. इंडिगोकडेही ही इंजिनं होती, पण तिनं २०१९ मध्येच २८० नव्या विमानांसाठी दुसऱ्या कंपनीची इंजिनं मागवली होती. इंडिगोला ती मुभा होती, रीगाला नव्हती.

मग निवड चुकली का? मला तसं वाटत नाही. जुनी ७३७ उडवत राहिली असती, तर इंधनाच्या बिलानंच कंपनी बुडाली असती. पण वाचलेलं इंधन दर उड्डाणाच्या हिशेबात दिसतं. एकाच पुरवठादारावर विसंबण्याची किंमत कुठल्याच रकान्यात नसते, ती एकदम समोर येते. आणि कंपनी सरकारी असली की तो भार शेवटी करदात्यांवर पडतो. कोविडच्या वर्षी लाटव्हियाच्या सरकारनं या कंपनीत २५ कोटी युरो घातले. एवढ्याशा देशाला ही रक्कम लहान नाही. आपल्याकडे छोट्या शहरांना जोडणाऱ्या विमान कंपन्यांची चर्चा होते, तेव्हा विमान किती इंधन पितं हे आपण विचारतो. त्याच्याबरोबर हेही विचारायला हवं की ते बंद पडलं तर दुसरं कुठून येणार, आणि तोवर खर्च कोण उचलणार.