कंप, कवच आणि ध्वनी : दूरप्रवासी मोटारसायकलीच्या इतिहासातील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

दूरच्या प्रवासासाठी बांधलेल्या मोटारसायकलीच्या पुढील भागी स्वाराला वाऱ्यापासून आडोसा देणारे जे कवच असते त्यास फेअरिंग म्हणतात. प्रारंभी या कवचाचे काम आडोशापुरतेच होते. पुढे त्याच्या पोटात रेडिओ व ध्वनिक्षेपक येऊन बसले आणि आडोशाची वस्तू एका अर्थी वाद्याची पेटी बनली. या स्थित्यंतरातून जी अडचण उभी राहिली तिचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ध्वनिक्षेपक कंपनानेच बोलतो; तो ज्या यंत्रावर बसविलेला असतो तेही कंपनावाचून चालत नाही. एक कंप हवा, दुसरा नको, आणि दोहोंचा आधार मात्र एकच, असा हा पेच आहे.

या इतिहासाची जी मांडणी सामान्यतः केली जाते तीत ध्वनिवर्धकाची वाढती शक्ती आणि ध्वनिक्षेपकांची वाढती संख्या यांनाच प्राधान्य मिळते. ही मांडणी अपुरी आहे असे आम्हांस वाटते. चालत्या मोटारसायकलीवर ध्वनी टिकला तो मुख्यत्वे जोडणीच्या प्रश्नाची उकल झाल्यामुळे. म्हणजे कोणता भाग कोणत्या भागाशी घट्ट बांधावा आणि कोठे मोजकी ढील ठेवावी, हे कळल्यामुळे. विवेचनासाठी अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या प्रवासी गाड्या प्रमुख उदाहरण म्हणून घेतल्या आहेत. इंग्लंडमधील नॉर्टन आणि जपानमधील होंडा यांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

२. तीन शब्द, तीन कारणे

येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट प्रथमच जाणवते. नको असलेल्या कंपाला शास्त्रीय लेखनात एकच नाव असते. मराठी बोलीत मात्र त्याचे सहज तीन प्रकार होतात. सबंध गाडी हातापायांखाली हलते ती थरथर. ढिला झालेला भाग शेजारच्या भागावर आदळतो ती खडखड. आणि एखादा पातळ पत्रा ठरावीक वेगाला आपणहून आवाज उचलून धरतो, तेव्हा आपण तो घुमतो असे म्हणतो. हे तीन शब्द तीन भिन्न कारणांचे निदर्शक आहेत. थरथरीचे मूळ इंजिनात, खडखडीचे सांध्यात आणि घुमण्याचे पत्र्याच्या स्वतःच्या कंप्रतेत, म्हणजे तो दर सेकंदास जितक्या वेळा सहजी कंप पावतो त्या संख्येत असते. पुढे दिसून येईल की, इतिहासातही हे तीन दोष वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या उपायांनी हाताळले गेले.

तसेच, 'ध्वनीचे संरक्षण' या शब्दप्रयोगात दोन अर्थ मिसळलेले आहेत. एक अर्थ उपकरणाच्या संरक्षणाचा. क्रायस्लर कंपनीने १९५६ सालच्या आपल्या मोटारींत तबकडी वाजविणारे जे यंत्र बसविले, त्याची तबकडी मिनिटास १६⅔ फेरे घेई, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी सुई उडू नये म्हणून ती तबकडीवर जोराने दाबून ठेवावी लागे. दुसरा अर्थ श्रवणाच्या संरक्षणाचा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या कानाशी वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलांच्या पुढे जातो. अशा गोंगाटात स्वर टिकतात, पण स्, श्, फ् यांसारखी क्षीण व्यंजने प्रथम लोपतात. इंजिनाची खालच्या पट्टीतील घरघर मोठी झाली की ती वरच्या पट्टीतील ध्वनींनाही झाकून टाकते. मग ऐकणारा आवाज वाढवितो. वाढलेला आवाज कवचाला अधिक हलवितो. आणि शब्द तर कळत नाहीच, उलट कानास इजा होण्याचा संभव मात्र वाढतो. केवळ शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही तो याचमुळे.

३. घट्ट बांधणीचा काळ

हार्ले-डेव्हिडसनच्या इंजिनात दोन सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करून बसविलेले असतात आणि दोन्ही दट्ट्यांचे दांडे क्रँकशाफ्टच्या एकाच खिळीवर येतात. हा कोन ९० अंशांचा असता तर क्रँकशाफ्टवरील प्रतिभाराने मुख्य कंपाचा तोल साधता आला असता. ४५ अंशांत तो पूर्णपणे साधत नाही. स्फोटही समान अंतराने होत नाहीत. ते आळीपाळीने ३१५ आणि ४०५ अंशांनी होतात. या गाडीच्या लोकप्रिय नादाचा उगम या विषमतेत आहे. म्हणजे जी रचना गाडीला तिचा नाद देते तीच कवचातील ध्वनीची वैरीण आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

१९६५ साली विजेवर सुरू होणाऱ्या मोठ्या गाडीस 'इलेक्ट्रा ग्लाइड' हे नाव मिळाले, आणि १९६९ साली तिच्यासाठी वटवाघळाच्या पंखांसारखे दिसणारे कवच उपलब्ध झाले. ते पुढील चाकाच्या फोर्कवर बसे व हँडलबरोबर वळे. इंजिन सांगाड्याशी बोल्टांनी घट्ट जखडलेले होते. त्यामुळे इंजिनाची थरथर सांगाड्यातून आणि रस्त्याचा हादरा फोर्कमधून, अशा दोन्ही वाटांनी कंप कवचापर्यंत पोहोचे. या अवस्थेत उपाय करावयाचा तो कवचाच्या सांध्यावरच. बोल्टाखाली रबरी चकती घालावी, कंस जाड करावा, सैल झालेले पुन्हा आवळावे. यांनी खडखड कमी होई; थरथर मात्र तशीच राही.

४. ढिलाईचा शोध

या कोंडीतून वाट दाखविणारा विचार ध्वनीच्या चिंतेतून निर्माण झाला नाही. तो स्वाराच्या हातापायांच्या चिंतेतून निर्माण झाला. १९६७ साली नॉर्टन कंपनीने 'कमांडो' ही गाडी लोकांपुढे आणली. तिच्या रचनेत स्टीफन बाउअर, बर्नार्ड हूपर व बॉब ट्रिग यांचा वाटा होता. इंजिन, गिअरपेटी आणि मागील चाकाची भुजा यांचा एक गट करून तो गट रबरी आधारांनी सांगाड्यापासून विलग करावयाचा, ही त्यांची कल्पना. या रचनेचे 'आयसोलास्टिक' हे नाव विलगता आणि लवचिकता या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून घडले आहे. इंजिनाला उभ्या पातळीत हलण्याची मुभा होती. आडवे हलणे मात्र बारीक फटीपुरते मर्यादित होते, कारण तसे हलल्यास मागील चाक वाकडे जाऊन गाडी डुलू लागते. ही फट पातळ चकत्या घालून राखावी लागे. ती कमी झाली तर थरथर परत येई, अधिक झाली तर गाडीचा स्थिरपणा जाई.

हार्ले-डेव्हिडसनने १९८० सालच्या 'टूर ग्लाइड' गाडीत इंजिन रबरी आधारांवर बसविले. येथेही इंजिनास वरखाली हलू देणारे रबर आणि आडव्या हालचालीस आवर घालणारे दुवे, अशी दुहेरी योजना आढळते. दोहोंतील तत्त्व एकच आहे. तथापि एवढ्यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. आमच्या विषयाच्या दृष्टीने याच गाडीतील दुसरा बदल तितकाच महत्त्वाचा आहे. तिचे कवच फोर्कवरून काढून सांगाड्यावर बसविले होते. अशा रीतीने कंपाच्या दोन्ही वाटा एकाच वेळी अडविल्या गेल्या. १९८३ साली रबरी आधारांची रचना इलेक्ट्रा ग्लाइडच्या फोर्कवरील कवचाशीही जोडली गेली. तेथे मात्र एकच वाट अडली, दुसरी मोकळी राहिली.

५. रबराचा हिशेब

रबर कंप 'शोषून घेते' असे सैलपणे म्हटले जाते. वस्तुस्थिती अधिक सूक्ष्म आहे. रबरावर ठेवलेल्या भाराची स्वतःची एक कंप्रता असते. तिच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे २ च्या वर्गमूळाइतक्या पटीच्या पलीकडे गेल्यावरच कंप सांगाड्यात कमी उतरतो. त्याच्या अलीकडे तो उलट वाढतो. हिशेबासाठी ही मूळ कंप्रता सेकंदास १० धरू. इंजिन मिनिटास २४०० फेरे घेत असता कंप्रता ४० होते आणि सांगाड्यात मूळ कंपाचा साधारणतः पंधरावा हिस्सा उतरतो. तेच इंजिन ८५० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर कंप्रता १४ च्या आसपास येते, आणि रबराचा लाभ जवळजवळ शून्य होतो. उभी गाडी डोळ्यांना दिसेल इतकी हलते आणि रस्त्याला लागताच शांत होते, याचे स्पष्टीकरण हेच.

कंप शमविणारे रबर वापरावे तर अनुस्पंदनाच्या वेळची उसळी कमी होते, पण वरच्या वेगातील विलगता बिघडते. दोन्ही लाभ एकदम मिळत नाहीत. शिवाय रबर वयाबरोबर कडक होते व त्याची कंप्रता वाढते. जुन्या गाडीत थरथर परत आली तर कवच उघडण्यापूर्वी इंजिनाचे आधार तपासावेत, हे या हिशेबावरून उघड आहे.

६. तोलाचा मार्ग

कंप अडविण्याऐवजी तो उत्पन्नच होऊ देऊ नये, हा दुसरा मार्ग होय. होंडाच्या 'गोल्ड विंग' गाडीत १९७५ सालापासून समोरासमोर आडवे सिलिंडर होते, आणि इंजिनाच्या धक्क्याने गाडी कलू नये म्हणून तिचे विद्युत्जनित्र क्रँकशाफ्टच्या उलट दिशेने फिरे. १९८० साली 'इंटरस्टेट' या प्रकारात कवच कारखान्यातूनच बसून आले; १९८८ सालच्या गाडीत चाराचे सहा सिलिंडर झाले. मूळचा कंपच अल्प असल्यामुळे या गाड्यांत कवचाची समस्या सौम्य राहिली.

हार्ले-डेव्हिडसनला हा मार्ग पूर्णतः स्वीकारणे शक्य नव्हते, कारण कंपाबरोबर गाडीचे व्यक्तित्वही गेले असते. २०१६ साली आलेल्या 'मिलवॉकी-एट' इंजिनात उलट फिरणारा तोलदंड आहे; कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तो मंद चालीवरील मुख्य कंपाचा ७५ टक्के भाग नाहीसा करतो. त्याच वेळी मंद चालीचे फेरे १००० वरून ८५० वर आणले गेले. वरील हिशेब ध्यानात घेता, रबर जेथे निरुपयोगी ठरते नेमक्या त्याच जागी तोलदंड उपयोगी पडतो. उरलेला चौथा हिस्सा हा स्वारांच्या आवडीचा.

७. कवच स्वतःच घुमते तेव्हा

इंजिन शांत झाल्यावर तिसरा दोष उघडा पडतो. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे सरकताना आधाराला मागे ढकलतो; आधार पातळ प्लॅस्टिकचा असेल तर तोही बोलू लागतो. येथे जड भराव घालणे हा एक उपाय. १९५९ साली एडवर्ड कर्विन यांनी मांडलेले तत्त्व अधिक काटकसरीचे आहे. पत्र्यावर चिकट-लवचिक थर आणि त्यावर पातळ पण ताठ आवरण दिल्यास, पत्रा वाकताना मधला थर घासला-ताणला जातो आणि कंपाची उष्णता होते. मागील बाजूस धातूचा पातळ पापुद्रा असलेल्या ब्यूटिल रबराच्या ज्या पट्ट्या आज कवचाच्या आतून चिकटवितात, त्यांचे कार्य याच तत्त्वावर चालते.

तथापि फोर्कवरील कवचात घातलेला प्रत्येक भार हँडलबरोबर वळतो व वळणे जड करतो. सांगाड्यावरील कवचाला ही अडचण नाही. दोन्ही परंपरा आजही चालू आहेत. १९९८ साली आलेल्या 'रोड ग्लाइड'ने टूर ग्लाइडचा वारसा चालविला. ध्वनीसाठी भार वाढवावा की वळण हलके ठेवावे, ही निवड फोर्कवरील कवचाच्या स्वाराला करावीच लागते, आणि तीत प्रश्न केवळ सुखाचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सांध्यावरील चकतीने खडखड, इंजिनाखालील रबराने व तोलदंडाने थरथर आणि कवचावरील थराने घुमणे आवरले गेले. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही. मोठा ध्वनिवर्धक यांपैकी कशावरच उपाय नव्हे.

प्रश्न मात्र संपलेला नाही. २०२१ साली ॲपल कंपनीने आपल्या ग्राहकांना सूचना दिली की, शक्तिशाली मोटारसायकलीच्या हँडलवर लावलेल्या फोनमधील कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा कंपामुळे बिघडू शकते. सुईच्या तबकडीपासून सुटलेला प्रवासी पुन्हा हलत्या भागांचे नाजूक उपकरण घेऊन त्याच हँडलाशी आला आहे. उपकरणे बदलली; त्यांना कशाशी बांधावे आणि कशापासून सोडवावे, हा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो.