अंधाराची किंमत कोण मोजतं? चर्चमधलं लग्न आणि लेन्सचा इतिहास

भिवंडी रोड स्टेशनवर दिवा-वसई लाइनची गाडी पकडली, की खारबाव, कामण, जूचंद्र करत तुम्ही वसई रोडला उतरता. अंतर फार नाही. पण लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांसाठी तेवढ्याशा प्रवासात सगळा खेळ बदलतो. भिवंडीत हळद असो, निकाह असो की वरात, उजेडाला तोटा नसतो. हॅलोजन असतात, एलईडीच्या माळा असतात, व्हिडिओवाल्याचा डोळे दिपवणारा दिवा असतो. कमी पडलं तर अजून एक स्टँड उभा करा, कोणी काही म्हणत नाही. वसईच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये मात्र जाड भिंती, खोल खिडक्या, वेदीवर मेणबत्त्या. आणि बऱ्याचदा फादर आधीच सांगून ठेवतात, विधी चालू असताना फ्लॅश नको.

मग अशा वेळी बॅगेत कोणती लेन्स टाकायची? उत्तर दोन ओळींत देता येईल. पण त्या दोन ओळींमागे जवळजवळ १८५ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की पैसे कुठे घालायचे हेही कळतं. सूत्र एकच लक्षात ठेवा. उजेड कमी असला की त्याची किंमत कोणीतरी मोजतंच. आज बघू या, ती कोणी कोणी मोजली.

आधी जागा समजून घेऊ. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ मध्ये, आणि चिमाजी अप्पांनी ती जिंकली १७३९ मध्ये. त्या मोहिमेत आपल्या भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांचं नाव मोठं आहे. मधल्या दोनशे वर्षांत या पट्ट्यात चर्चेस उभी राहिली. पुढे त्यांची डागडुजी झाली, काही नव्यानं बांधली गेली, पण पहिला आराखडा आखला तेव्हा वीज नव्हती आणि कॅमेऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. तो अंधुक प्रकाश प्रार्थनेसाठी होता. फोटो तिथे फार उशिरा आलेला पाहुणा आहे.

पहिली किंमत: नवरा-नवरीनं मोजली

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली. भर उन्हातसुद्धा एका फोटोला कित्येक मिनिटं लागायची. माणसाचा फोटो काढणं जवळपास अशक्य होतं, कारण तेवढा वेळ कोण हलल्याशिवाय बसणार? पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सवाल यांनी कागदावर हिशेब मांडून एक नवी लेन्स तयार केली. आजच्या भाषेत ती साधारण एफ ३.६ ची होती. तोवरच्या लेन्स होत्या एफ १५ च्या आसपास.

इथे एक मिनिट थांबू या. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. आणि आकडा निम्मा झाला की उजेड दुप्पट नाही, चौपट आत येतो. म्हणजे पेट्सवालच्या लेन्सनं साधारण सोळापट जास्त उजेड आत घेतला! मिनिटांचं काम सेकंदांवर आलं.

मुंबईही मागे नव्हती. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. पण चर्चच्या आत लग्नाचा फोटो? छे. लग्न चर्चमध्ये व्हायचं आणि फोटो स्टुडिओत, वरून काचेतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात. काही सेकंद श्वास रोखून, मान ताठ ठेवून. पणजी-पणजोबांच्या फोटोत हसू नसतं, त्याचं हेही एक कारण आहे.

दुसरी किंमत: चर्चनं मोजली

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली. आता उजेड सोबत नेता येऊ लागला. पण कसा? भडका, धूर आणि राख. साधारण १९३० च्या सुमाराला काचेचे फ्लॅश बल्ब आले. धूर गेला, पण एका फोटोला एक बल्ब, आणि वापरला की फेकून द्यायचा. आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी त्या जमान्यात जड स्पीड ग्राफिक कॅमेरा आणि असे बल्ब घेऊन काम केलं. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला, आणि लखलखाट फुकटासारखा झाला.

नेमकी त्याच काळात चर्चच्या आतली मांडणीही बदलली. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा आणि धर्मगुरू बहुतेक वेळ लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करायचे. परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आला, वसईत मराठीत आला, आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. भाविकांना वेदीवरचं सगळं दिसू लागलं, तसंच कॅमेऱ्यालाही दिसू लागलं.

१९६७ मध्ये रोमनं काढलेल्या एका सूचनापत्रात फोटोंबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. फोटो काढण्यामुळे उपासनेत व्यत्यय येता कामा नये. कारण असेल तर काढा, पण अत्यंत संयमानं, आणि स्थानिक बिशपांचे नियम पाळून. म्हणजे 'फ्लॅश नको' हा एखाद्या फादरचा हट्ट नसतो. त्याला साठेक वर्षांचा आधार आहे.

तिसरी किंमत: फोटोनं मोजली

फ्लॅश नाही, तर मग काय? वाटा दोन. लेन्सचं तोंड मोठं करा, किंवा फिल्म जास्त संवेदनशील घ्या.

पहिल्या वाटेवर १९२४ मध्ये जर्मनीत एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा आला, त्याची लेन्स एफ २ ची. एरिख सालोमन यांनी तो घेऊन कोर्टात आणि राजकीय बैठकांत फ्लॅशशिवाय, कोणाच्या लक्षात न येता फोटो काढले. चर्चमध्ये काम करणाऱ्यानं ज्यांच्याकडून शिकावं असे हे गुरू. या वाटेचं टोक म्हणजे झाइसची एफ ०.७ लेन्स. ती बनली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी, आणि स्टॅन्ली कुब्रिक यांनी 'बॅरी लिंडन' या १९७५ च्या सिनेमात तिनं मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित केले.

दुसऱ्या वाटेवर १९५४ मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरमध्ये आली. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म अनेकांना आठवत असेल. पण वेगवान फिल्म म्हणजे दाणेदार फोटो. नवरी शांतपणे उभी राहू शकली, चर्चही शांत राहिलं, पण फोटोच्या अंगावर वाळू पसरली.

चौथी किंमत: फोटोग्राफरनं मोजली

डिजिटलनं ती वाळू हळूहळू झाडली. २००७ मध्ये आलेला नायकॉनचा डी ३ आयएसओ ६४०० ला वापरण्यासारखा फोटो देऊ लागला. तेव्हापासून चेंडू फोटोग्राफरच्या खिशाकडे आणि डोक्याकडे आला.

आता हिशेब करू. समजा चर्चमध्ये इतका उजेड आहे, की आयएसओ १०० आणि एफ २.८ ला पाव सेकंद लागतो. अंगठी घालताना हात हलतात, म्हणून शटर हवं किमान १/१२५. मग कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम, जी पुढे नेली की एफ ५.६ वर येते, तिला आयएसओ १२८०० लागेल. एफ २.८ च्या झूमला ३२००. एफ १.८ ला साधारण १३००. एफ १.४ ला ८००. बघितलंत? पेट्सवालचंच गणित, फक्त आकडे आपले.

म्हणून बजेट कमी असेल तर कॅमेरा नंतर बदला, आधी ५० मिलिमीटर एफ १.८ घ्या. तिच्या मानानं एफ १.४ बरीच महाग असते आणि फरक फक्त पाऊण स्टॉपसारखा. दुसरी ८५ एफ १.८, म्हणजे वेदीजवळ न जाता चेहरे मिळतील. ७०-२०० एफ २.८ एका लग्नासाठी भाड्यानं घ्या. ऑनलाइन मागवलीत तर ती कदाचित आपल्याच भिवंडीच्या एखाद्या गोदामातून निघेल!

दोन खबरदाऱ्या. एक, ८५ ला एफ १.८ वर जवळून फोटो घेतला तर नवरी स्पष्ट आणि नवरा पुसट होऊ शकतो. दोघं हवे असतील तर एफ २.८ वर या, आयएसओ वाढवा. दोन, आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावाल, तर एलईडीखाली फोटोत पट्टे येतात का, हे आधी तपासा. आणि वचनं कुठे उभं राहून देणार, तुम्ही कुठे उभं राहायचं, हे फादरना आदल्या दिवशीच विचारा. त्याला एक पैसा लागत नाही.

मग मोबाइलचं काय? नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि जोडून एक करतो. रिकाम्या चर्चमध्ये झकास. पण वचन देताना, अंगठी घालताना माणसं हलतात, आणि मग फोन स्क्रीनवरून सांगतो, हलू नका. म्हणजे आपण परत १८४० मध्ये! किंमत पुन्हा नवरा-नवरीवर. वर मधल्या वाटेत पन्नास हात उंचावले, की मागे बसलेल्या आजीला नात दिसतच नाही.

त्या दोघांचं 'हो' एकदाच उच्चारलं जातं, काही सेकंदांत. ते ऐकायला माणसं लांबून आलेली असतात. अंधाराची किंमत कोणीतरी मोजणारच आहे, तर ती त्यांनी मोजू नये. ती आपल्या बॅगेनं आणि आपल्या तयारीनं मोजावी.

तर मंडळी, घरातला सगळ्यात जुना लग्नाचा फोटो काढून बघा. स्टुडिओतला आहे, फ्लॅशचा आहे की दाणेदार? त्यावरून त्या लग्नात किंमत कोणी मोजली, ते ओळखा. भेटू पुढच्या भागात!