शुद्ध केलेल्या पाण्यानं बिघडलेलं सरोवर

सांडपाण्यावर प्रक्रिया केली की ते निर्धोक झालं, हा समज जुना आहे आणि नगरपालिकांच्या फार सोयीचाही. तो खोडून काढणारा पुरावा अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या पूर्वेला, वॉशिंग्टन सरोवरात सापडतो. सिअ‍ॅटलनं आपलं कच्चं मैलापाणी १९३६ पर्यंत तिथून काढून प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याकडे वळवलं होतं. पुढे काठावरची उपनगरं वाढली आणि १९४१ ते १९५३ या काळात दहा शुद्धीकरण केंद्रांचं पाणी सरोवरात येऊ लागलं. केंद्रं आपलं काम करत होती. कुजणारी घाण कमी होत होती, पण पाण्यात विरघळलेला फॉस्फरस बहुतांशी तसाच बाहेर पडत होता. शेतात खत म्हणून टाकतो तेच हे द्रव्य, आणि पाण्यात ते शेवाळ पोसतं. म्हणजे सरोवराचा आजार घाणीचा नव्हता, अतिपोषणाचा होता.

हे ओळखलं वॉशिंग्टन विद्यापीठातले परिसरशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी. १९५५ मध्ये सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे तांबूस, तंतूंसारखं सूक्ष्म शेवाळ आढळलं. सामान्य माणसाला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नसतं. पण स्वित्झर्लंडच्या झुरिच सरोवराची अधोगती याच शेवाळानं सुरू झाली होती, हे एडमंडसन यांना ठाऊक होतं. त्यांच्या हाताशी आणखी एक गोष्ट होती : याच विद्यापीठात १९३३ साली झालेल्या पाहणीच्या नोंदी. त्या नसत्या तर ‘सरोवर पूर्वीपासून असंच आहे’ या युक्तिवादाला उत्तर देणं अवघड गेलं असतं. पाण्याला दुर्गंधी सुटण्याआधीच त्यांनी पुढे काय होणार ते सांगितलं आणि फॉस्फरस थांबवला तर सरोवर सुधारेल, हेही. चुकलो तर सगळ्यांना दिसेल असं भाकीत करायला किती शास्त्रज्ञ धजतात?

मार्च १९५८ मध्ये हे सांडपाणीही प्युजेट साउंडकडे वळवण्याची योजना मतदानात पडली. वाहतूक आणि नियोजनही तिला जोडलेलं होतं, ते उपनगरांना नको होतं. फक्त सांडपाण्यापुरती केलेली योजना सप्टेंबरमध्ये मंजूर झाली. १९६३ ते १९६८ या काळात पाणी टप्प्याटप्प्यानं वळवलं गेलं. १९६३ च्या उन्हाळ्यात पारदर्शकता मोजायला पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी मीटरभर खोलीवरच दिसेनाशी व्हायची. नंतर फॉस्फरस झपाट्यानं उतरला, नायट्रेट मात्र तुलनेनं फारसं घटलं नाही, आणि शेवाळ फॉस्फरसच्याच मागोमाग कमी झालं. फॉस्फरसला उगाच दोष दिला जातोय, असं आपल्या मालात फॉस्फरस वापरणारे साबण-कारखानदार म्हणत होते, त्या वादात ही आकडेवारी मोलाची ठरली.

यावर आक्षेप घेता येतात, आणि ते हलके नाहीत. घाण फक्त शेजारी ढकलली, हा पहिला. तो अर्धा खरा आहे. पण भरती-ओहोटीनं सतत ढवळल्या जाणाऱ्या खोल समुद्राला तेवढा फॉस्फरस बाधला नाही, आणि पाणी कुठे सोडता यावरच ते खत की विष हे ठरतं. दुसरा आक्षेप असा की, नशिबानंही साथ दिली. १९७६ नंतर डॅफ्निया हा शेवाळ खाणारा जलपिसू वाढला आणि तबकडी सहा-सात मीटरांपर्यंत दिसू लागली. हे एडमंडसन यांनी वर्तवलं नव्हतं. तरी शेवाळाची मुख्य घट त्याआधीच झाली होती. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वॉशिंग्टन सरोवर सुमारे ६५ मीटर खोल आणि त्यातलं पाणी काही वर्षांत बदलतं, म्हणून ते सावरलं. स्वीडनमधल्या उथळ ट्रुमेन सरोवराचं सांडपाणी १९५८ मध्येच बंद केलं, तरी ते सुधारेना, कारण तळाच्या गाळातून फॉस्फरस वर येतच राहिला. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये तिथला सुमारे मीटरभर गाळ उपसावा लागला. आपल्या गावोगावच्या तलावांची जातकुळी या ट्रुमेनशीच जुळते, आणि आपण मात्र वरची जलपर्णी काढण्याचीच कंत्राटं देतो.