द्विभाजन शोध
क्रमवारी लावलेल्या यादीत एखादा घटक आहे की नाही, हे ठरविण्याची संगणकशास्त्रातील मूलभूत रीत. प्रोग्रामर तिला बायनरी सर्च म्हणतात. यादी चढत्या क्रमाची असल्यास शोधमूल्याची तुलना प्रथम मधल्या घटकाशी करतात. मूल्य लहान असेल तर उजवा, मोठे असेल तर डावा भाग वगळतात. घटक सापडेपर्यंत किंवा तपासायला काहीच उरत नाही तोपर्यंत ही कृती चालते. १० लाख घटकांसाठी जास्तीत जास्त २० तुलना पुरतात. मात्र यादी क्रमवार नसेल, तर उत्तर भरवशाचे राहत नाही.

या रीतीचा पहिला ज्ञात उल्लेख जॉन मॉकली यांच्या १९४६ मधील मूर स्कूल येथील व्याख्यानात आढळतो. मध्य काढताना दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज पूर्णांकाची कमाल मर्यादा ओलांडू शकते. जावाच्या लायब्ररीतील हा दोष जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केला. म्हणून डाव्या टोकात दोन टोकांमधील अंतराचा निम्मा भाग मिळवणे सुरक्षित ठरते.

या शोधाचे सी प्लस प्लसमधील तयार फंक्शन केवळ होय किंवा नाही सांगते. पायथनचे बायसेक्ट मॉड्यूल जागा दाखवते, तेथील घटक पडताळून पाहावा लागतो.